पाव्हण्याचं जेवण

मृत्युंजय सरांच्या घराची किल्ली कमलम्मांकडे असते. सर बाहेरगावी निघाले की शेजारच्या दारात थांबतात, किल्ली कमलम्मांच्या हातात देतात आणि मग स्टँडकडे जातात. मी त्याच घराच्या वरच्या खोलीत राहतो. माझ्याकडे ती किल्ली सात वर्षांत आली नाही. त्याचं कारण मला मागच्या महिन्यात कळलं.

मी नांदेडचा. मराठी घेऊन एम.ए. झालो आणि नोकरी मिळेना म्हणून २०१५च्या फेब्रुवारीत लातूरला आलो. एका मोठ्या क्लासमध्ये प्रश्नपत्रिकांचं प्रूफ तपासायचं काम मिळालं. प्राणिशास्त्राच्या पेपरात एक शब्द अडला म्हणून शिक्षकांच्या खोलीत गेलो, तिथे मृत्युंजय सर भेटले. तिशीचे, कपाळावर भस्माची फिकट रेघ, बोटांना खडू. त्यांनी शब्द सांगितला आणि विचारलं, "राहतोस कुठं?"

"लॉजवर."

"लॉजवर किती दिवस राहणार? आमच्या माळवदावर एक खोली हाय. पत्रा हाय, उन्हाळ्यात तापते. चालंल?"

चाललं. सामान घेऊन गेलो तर बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी. आत पाणी, रेती, चार दगड. मासा नाही.

"मासे मेले का?" मी विचारलं.

सरांची आई शरणम्मा शेंगा सोलत बसली होती. तिला सगळे अव्वा म्हणत. ती म्हणाली, "आणलेच न्हाईत तर मरतील कुठनं? दोन महिने झाले पाण्याला दिवा लावून बसलाय. गल्लीतली माणसं येऊन बघून जातात, याला काय झालंय म्हणून."

"आधी अन्न, मग मासा," सर म्हणाले.

लोखंडी स्टँडच्या खाली, वरच्या टाकीच्या पोटाशी, आणखी एक लहान टाकी होती. तिचे काचेच्या पट्ट्या लावून तीन कप्पे केलेले. वरचं पाणी नळीने पहिल्या कप्प्यात उतरायचं, तिथे गाळून मधल्यात जायचं आणि तिसऱ्यातल्या मोटरीने परत वर चढायचं. मधल्या कप्प्यात रेतीचा थर, दगडाचे तुकडे आणि हिरव्या दोऱ्याचा गुंता व्हावा तसं समुद्री शेवाळ. त्या कप्प्यात मासा कधी जायचा नाही. तिथे मिठाच्या पाण्यातले बारीक जीव वाढायचे, राजगिऱ्याहून बारीक. खाणारं कुणी नाही म्हणून त्यांची वस्ती वाढत जाते आणि जास्तीचे पाण्याबरोबर आपोआप वर जातात. वर मासा त्यांना टिपतो. इंग्रजीत याला रेफ्युजियम म्हणतात, असं सरांनी सांगितलं. म्हणजे आसरा.

अव्वा त्याला शेड म्हणायची.

शेड हा तिचा शब्द होता. त्र्याण्णवच्या भूकंपात औशाकडचं त्यांचं गाव गेलं. घर गेलं, मलप्पा गेले, म्हणजे सरांचे वडील. अव्वा आणि नऊ वर्षांचे सर दगडामातीतून बाहेर निघाले आणि पुढची चार वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, मग लातूरला आले. मदतीला आलेल्या लोकांत मालवणचे केळुसकर नावाचे एक तरुण गृहस्थ होते. मत्स्यविद्या शिकलेले. दोन महिने छावणीत राहिले. रात्री पोरं झोपायला घाबरायची. छताखाली कुणी जाईना. केळुसकर त्यांना उघड्यावर बसवून समुद्रातले प्राणी सांगायचे. जाताना सरांना म्हणाले, मोठा झालास की ये.

सर मोठे झाले. बी.एस्सी. केली. रत्नागिरीला मत्स्यशास्त्राला प्रवेशही मिळाला. अव्वा म्हणाली, "एकदा जमीन हलली. आता पाण्यात कुठं जातोस?" सर गेले नाहीत. तेव्हा लातूरात क्लास नुसते उगवत होते. ज्याला बेडकाचं हृदय फळ्यावर नीट काढता येई त्याला नोकरी होती. सरांना काढता येई.

दहा वर्षं ते शिकवत राहिले. मग केळुसकरांचं पत्र आलं. समुद्री मासे पैदा करायचं केंद्र काढतोय. पिल्लांसाठी जिवंत खाद्य वाढवणारा माणूस हवा. तू येतोस का? २०१६च्या पावसाळ्यापर्यंत जागा ठेवतो.

सरांनी पत्र अव्वाला वाचून दाखवलं. अव्वाशिवाय ते जाणार नव्हते, आणि अव्वा लातूर सोडणार नव्हती. आठ दिवस घरात कुणी काही बोललं नाही, असं कमलम्मांनी मला सांगितलं. नवव्या दिवशी अव्वा म्हणाली, "समुद्रातलं एक मासं हितं आण. सगळ्यात नाजूक आण. ते हितं वरीसभर जगलं तर मी बी तिकडं जगीन. येते मग."

म्हणून ती टाकी होती.

केळुसकरांनी शेवाळ आणि त्या जिवांचं बी बाटलीत भरून कोल्हापूरच्या गाडीने पाठवलं. सर पहाटे स्टँडवर जाऊन ती बाटली पोटाशी धरून घेऊन आले. ही हकिगत माझ्या येण्याआधीची. मी आलो तेव्हा बी रुजलं होतं. संध्याकाळी सर बॅटरी लावून भिंग हातात घ्यायचे आणि काचेवरचे ठिपके मोजायचे. मलाही दाखवायचे.

एकदा अव्वाने भिंग मागितलं. डोळा लावला आणि झटक्यात मागे सरली.

"अय्यो शिवा! हे तर नारूचे किडे!"

सर हसले. "त्यांचेच सोयरे, अव्वा. पण हे खाऱ्या पाण्यातले. यांच्यातनं नारू होत नाही."

अव्वाने मला तिची पिंडरी दाखवली. जुना पांढरा व्रण होता. "बाराव्या वर्षी नारू निघाला होता हितनं. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचे. मग सरकारी माणसं आली. म्हणाली, पाण्यातले किडे पोटात गेले की होतंय. बारवेत औषध टाकलं. एका रात्रीत सगळे किडे मेले. आम्ही तेच पाणी प्यालो, आम्हाला काय बी झालं न्हाई. तवापास्नं पाणी चौपदरी गाळते मी."

मी हे ऐकलं होतं. पुढचं सांगण्याआधी हे सांगितलं पाहिजे. मी तिथेच बसलो होतो.

एकवीस जूनला सर हैदराबादेहून मासा घेऊन आले. थर्माकोलच्या खोक्यात, उदगीरमार्गे, रात्रभर मांडीवर. मँडरिन जातीचा. करंगळीएवढा, निळ्या अंगावर केशरी वेलबुट्टी. हा मासा कोरडं खाद्य खात नाही. समोर जिवंत हलणारं काही दिसलं तरच तोंड उघडतो, आणि दिवसभर एकेक करत टिपत राहतो. बहुतेकांच्या घरी तो दोन-तीन महिन्यांत उपाशी मरतो. सरांनी मुद्दाम तोच निवडला होता. आईशी लबाडी करायची नाही म्हणून.

अव्वाने त्याचं नाव ठेवलं पाव्हणा.

"पाव्हणा जेवला का?" सकाळी पूजा आटोपली की पहिला प्रश्न.

"जेवून राहिला."

"जीव खातंय. आपल्या घरात, लिंगायताच्या."

"आपण वाढत न्हाई, अव्वा. त्याचं तो खातो."

"शेड तूच बांधलंस न्हवं? मग वाढतोस तूच." असं म्हणायची आणि टाकीसमोर पाट ओढून बसायची. त्याचं पोट भरलेलं दिसलं की उठायची. उपासाच्या सोमवारीसुद्धा.

तो जगला. दिवाळीपर्यंत त्याच्या अंगावर मांस आलं. संक्रांतीला अव्वाने मला विचारलं, "मालवणात ज्वारीची भाकरी मिळती का रे?" मी सरांकडे पाहिलं. ते खाली बघून भाकरी मोडत होते. कान लाल झाले होते.

पण पाऊस त्या वर्षी पडलाच नव्हता. लातूरचे नळ महिनोन् महिने कोरडे. टँकरचं पाणी कुटुंबाला आठवड्याला दोनशे लिटर. वरच्या टाकीत तेवढंच पाणी होतं, दोनशे लिटर. ते खारट होतं, कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. तरी काचेतून दिसत होतं.

कमलम्मा दारातून म्हणायच्या, "सरांच्या घरी समुद्र हाय, आमच्या घरी घागर न्हाई." थट्टाच होती. सर हसायचे आणि संध्याकाळी आपल्या वाट्यातली कळशी त्यांच्या दारात ठेवून यायचे.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज पाच-सहा लिटर शुद्ध गोडं पाणी घालावं लागे. सर आरओचे कॅन विकत आणत. आधी तेच पाणी घरात प्यायला असे. मार्चपासून कॅन फक्त टाकीला. आम्ही तिघं टँकरचं पाणी प्यायला लागलो. ते माळवदावरच्या निळ्या ड्रममध्ये साठवलेलं असे. पाणी साठलं की डास होतात, म्हणून आरोग्य खात्याच्या पंचशीलाताई दर आठवड्याला घरोघर फिरून ड्रममध्ये अळ्या मारायचं औषध टाकत आणि भिंतीवर खडूने तारीख लिहीत. माणसाला त्याने काही होत नाही. सगळं लातूर तेच पीत होतं.

मे महिन्यात डॉक्टरकीच्या प्रवेशाला परीक्षा कोणती होणार याचाच गोंधळ उडाला. पोरं रडत होती, पालक क्लासच्या दारात बसून होते. क्लासने नांदेडच्या शाखेत बारा दिवसांची जादा बॅच लावली आणि सरांना पाठवलं. अव्वा मुरुडला बहिणीकडे, मल्लम्माकडे गेली. तिथल्या बोअरला थोडं पाणी होतं.

सर निघाले त्या सकाळी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. कागद लिहून ठेवला होता. पाणी खुणेच्या रेघेपर्यंत ठेवणे. फक्त कॅनचे पाणी. दुपारी बर्फाची बाटली सोडणे. शेडला हात लावू नये.

"चाळीस दिवस राहिलेत, मुकुल," ते म्हणाले. "मी केळुसकरांना कळवलंय. अव्वाची पेटी बी काढून ठेवली वरनं."

"तुम्ही निवांत जा सर."

पाच दिवस सगळं ठीक चाललं. सहाव्या दिवशी कॅनवाला आला नाही. त्याच्या प्लांटचा बोअर आटला होता. दुसरीकडे गेलो, तिथेही कुलूप. तिसरीकडे रांग होती, पाळी आली तोवर पाणी संपलं. घरी आलो तर टाकीचं पाणी रेघेखाली दोन बोटं. मोटर घरघरायला लागली होती. सरांना फोन लावला. बंद होता. ते वर्गात होते.

मी माळवदावर गेलो आणि ड्रममधून कळशी भरली. जिन्यातून उतरताना खाली पंचशीलाताई कमलम्मांच्या भिंतीवर तारीख लिहीत होत्या.

"कुठं नेताय दादा?"

"टाकीत टाकायला."

"औषधाचं हाय ते, परवा टाकलंय. माशाला चालतं व्हय?"

"आम्ही पितोच की," मी म्हणालो.

चौपदरी कापडातून गाळून ओतलं. अव्वा गाळते तसं. मला वाटलं, मी फार काळजी घेतोय. दुसऱ्या दिवशीही ओतलं.

तिसऱ्या दिवशी खालच्या काचेवर एकही ठिपका नव्हता. रेतीवर पिठासारखं काही पडलेलं होतं. मासा ठीक होता. उन्हामुळे जीव दगडाखाली गेले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. रात्री सरांचा फोन आला.

"पाव्हणा जेवला का?"

"जेवला सर."

"कॅन मिळून राहिले?"

"हो."

तो हो मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. ते नांदेडला होते, काही करू शकले नसते, त्यांना उगाच घोर नको, असं काहीतरी मनात असावं. पुढे जे झालं त्याला हे कारण पुरत नाही.

सर बावीस तारखेला आले. बॅग खाली ठेवायच्या आधी भिंग घेतलं. बराच वेळ गुडघ्यावर बसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी नसताना काही टाकलं का यात? फवारा, उदबत्ती, काही बी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी सगळं पाणी बदललं असतं. मासा अजून धडधाकट होता.

"नाही सर," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. उष्णतेने मेले असतील म्हणाले. केळुसकरांना फोन करून नवं बी मागवलं. तीन दिवसांनी कोल्हापूरच्या गाडीने बाटली आली. सरांनी ती थेंबथेंब करून शेडमध्ये सोडली. मी बॅटरी धरून उभा होतो. पाण्यात औषध तसंच होतं. दोन दिवसांत तेही मेले.

सर हातात बाटली घेऊन बसून राहिले. "काय चुकलं कळंना गा," ते म्हणाले. "मीठ बरोबर हाय. उष्णता बरोबर हाय. काय चुकलं?"

तेव्हाही मी उभाच होतो.

पाव्हणा खंगत गेला. आधी डोक्यामागे खड्डा पडला, मग पोट आत गेलं. रंग मात्र तसेच राहिले. सरांनी बाजारातलं गोठवलेलं खाद्य आणलं, काडीने त्याच्या तोंडासमोर हलवलं. तो बघायचा आणि वळायचा. अव्वा मुरुडहून आली ती पाटावर बसली आणि विचारायची थांबली. तिला दिसत होतं.

सहा जूनला सकाळी तो रेतीवर आडवा होता. पंधरा दिवस राहिले होते.

अव्वाने त्याला केळीच्या पानात घेतलं. लिंगायत पुरतात, जाळत नाहीत. तिने त्याला अंगणातल्या बेलाच्या बुडाशी पुरलं, वर चिमूटभर भस्म टाकलं. हात धुऊन आत आली आणि पेटीतले कपडे काढून परत फडताळात ठेवू लागली.

"अव्वा," सर म्हणाले, "अकरा महिने जगला की."

"वरीस म्हणले होते मी."

"उष्णता होती यंदा."

"जिथलं तिथंच बरं असतंय, मृत्युंजया. बघितलास न्हवं."

सरांनी केळुसकरांना पत्र लिहिलं. जागा जुलैत दुसऱ्या कुणाला गेली. त्याच महिन्यात लातूरात पाऊस आला. सरांनी टाकी रिकामी केली, खारं पाणी मोरीत सोडलं. वरच्या टाकीत अव्वाने गोधड्या ठेवल्या. खालच्या शेडमध्ये मीठ भरून ठेवायला लागली, साधं, खायचं.

किल्ली कमलम्मांकडे जायला लागली ती तेव्हापासून. मला वाटायचं, माझी कामाची वेळ वेडीवाकडी, म्हणून.

अव्वा दोन हजार एकवीसमध्ये गेली. सरांनी तेव्हा केळुसकरांना फोन केला होता. मी ऐकलं. पलीकडून काय म्हणाले ते कळलं नाही. सर म्हणाले, "न्हाई न्हाई, सहजच केला." आता ते एकोणचाळिशीचे आहेत. सकाळी सातची बॅच घेतात. संधिपाद प्राण्यांचा धडा असला की फळ्यावर त्या ठिपक्याएवढ्या जिवाचं चित्र हातभर मोठं काढतात. त्याच्या मिशा, त्याचा एकच डोळा, अंड्यांच्या दोन पिशव्या. पोरं फोटो काढून घेतात आणि फळा पुसतात.

गेल्या महिन्यात भूकंपाला तीस वर्षं झाली. सर दर वर्षी तीस सप्टेंबरला गावाच्या जुन्या जागेवर जातात. या वेळी मी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेलो. त्यांच्या घराचं जोतं अजून आहे. वर बाभळी आल्यात. सरांनी मलप्पांच्या नावाने बेल वाहिला आणि आम्ही जोत्यावर बसलो. सात वर्षं मी योग्य वेळ शोधत होतो. ही योग्य नव्हतीच. पण मी सांगितलं.

"सर, ते जीव माझ्यामुळे मेले. ड्रममधलं पाणी ओतलं होतं मी. औषधाचं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

सर बेलाच्या उरलेल्या काड्या मोडत होते. "हाव," ते म्हणाले.

त्या होकाराचा अर्थ मला कळला नाही. "हाव म्हणजे?"

"पंचशीलाताई बोलल्या होत्या. पाव्हणा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाल्या, मी त्या दादाला इचारलं होतं, माशाला चालतं व्हय म्हणून."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून..."

"तू सांगशील असं वाटलं होतं. आज सांगशील, उद्या सांगशील."

मी विचारलं, "अव्वांना का नाही सांगितलंत? त्यांना वाटलं, पाव्हण्याला लातूर मानवलं नाही. खरं कळलं असतं तर त्या आल्या असत्या."

"आली असती कदाचित. पण त्याच दिवशी तुझी ट्रंक रस्त्यावर ठेवली असती तिनं. त्या उन्हाळ्यात तू कुठं गेला असतास? आणि तूही पाणीच घातलंस. इख थोडंच घातलंस जाणून."

"मग पुन्हा का नाही केलंत? बी मालवणहून आलं असतं, केळुसकरही कदाचित थांबले असते. वर्षाचाच प्रश्न होता."

सरांनी काड्या खाली टाकल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"केलं असतं," ते म्हणाले. "पण वर्षात कवातरी बाहेरगावी जावंच लागतं, मुकुल. घर कुणावर सोपवायचं?"

मग ते उठले, पँट झाडली आणि म्हणाले, "चल. ऊन चढलं."

काल ते नांदेडला गेले, दोन दिवसांसाठी. मी जिन्यात उभा होतो. त्यांनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, वर माझ्याकडे पाहून हसले.

"येतो रे," म्हणाले आणि कमलम्मांच्या दाराकडे वळले.